कडुनिंबाखालची ट्रॉली

आमच्या वाड्याच्या मागे कडुनिंबाचे एक जुने झाड आहे. त्या झाडाखाली पुरी दोन वर्षे आमची ट्रॉली पडून होती. पडून होती असे म्हणतो, कारण उभी होती असे म्हणणे खरे होणार नाही. तिची डावी बाजू दगडांच्या थरावर टेकवलेली होती, उजवे चाक हवेवाचून चपटे होऊन मातीत रुतले होते आणि पाय मोडलेल्या म्हशीप्रमाणे ती एका कुशीवर कलली होती. आमच्या कोंबड्यांनी मात्र तिचा सदुपयोग केला. पुढच्या कोपऱ्यात साचलेल्या पालापाचोळ्यात त्या नेमाने अंडी घालीत, आणि ती अंडी गोळा करण्यापलीकडे घरातील कोणीही तिकडे फिरकत नसे.

महिन्या-दोन महिन्यांनी भंगारवाला येई. झाडाखाली नजर टाकून, “काय मालक, देता का?” असे विचारी. बाबा काकांकडे पाहत. काका खाटेवरून नुसती मान हलवीत. लोखंडाचा भाव सांगून भंगारवाला निघून जाई. जी ट्रॉली दुरुस्त होत नाही ती विकूही दिली जात नाही, हे कोडे आमच्या काकूंना काही केल्या सुटत नव्हते. मलाही ते सुटले नव्हते. परंतु माझी अडचण निराळी होती. ती ट्रॉली विकली जावी अशी माझी मनातून फार इच्छा होती.

आमचे गाव भालकी तालुक्यात, मांजरेच्या खोऱ्यात आहे. बीदर शहर ज्या पठारावर वसले आहे ते तांबड्या जांभ्या दगडाचे. तेथून खाली उतरले की आमची काळी माती सुरू होते. पाणी मिळाले की फुगायचे आणि ऊन लागले की आकसायचे, हा या मातीचा स्वभाव. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की हात आत जावा. पावसाळ्यात ती चाकाला अशी बिलगते की पहारीवाचून सुटत नाही. अशा मातीत रस्ता टिकावा तरी कसा? आमच्या शेताकडे जाणारी पांदण म्हणजे दोन चाकोऱ्या आणि त्यांच्या मधला गवताचा उंचवटा. वाटेत एक ओढा आडवा येतो. त्यात उतरताना एक चाक वर आणि एक खाली, व चढताना त्याच्या उलट, अशी ट्रॉलीची कसरत चालते. डांबरी सडकेवर दहा वर्षांत जी झीज होईल ती या पांदणीत तीन वर्षांत होते, असे आमचे आबा म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी माघ महिन्यात आमचा ऊस तोडणीला आला. कारखान्याची पाळी मिळाली होती. ती हुकली असती तर पुढची केव्हा मिळेल याची शाश्वती नव्हती. दोन खेपांचा ऊस एका खेपेत न्यावा असे घरात ठरले, आणि कठड्याच्या वर हातभर उंच मोळ्या रचल्या गेल्या. हे कोणाला दूषण देण्यासाठी लिहीत नाही. मोळ्या वर देणाऱ्यांत मीही होतो. बाबा ट्रॅक्टर चालवीत होते. ओढ्याच्या चढावर गाडी मागे घसरू लागली तर चाकामागे टाकावा म्हणून काका हातात मोठा दगड घेऊन मागून चालत होते. चढाच्या मध्यावर बंदुकीच्या बारासारखा एक आवाज झाला. डाव्या बाजूच्या स्प्रिंगचा मुख्य पाटा तुटला, आस एकीकडून मागे सरकला, चाक कठड्याला अडकले आणि भरलेली ट्रॉली डाव्या अंगावर कलंडली. काका उसाखाली सापडले. त्यांच्या मांडीचे हाड मोडले.

आता जे सांगायचे आहे ते मी तेव्हा सांगितले नव्हते. या घटनेच्या आठ दिवस आधी आमचा चेंडू ट्रॉलीखाली गेला म्हणून मी आत शिरलो होतो. उताणा पडून वर पाहताना डाव्या पाट्यावर, अगदी टोकाजवळ, केसासारखी एक रेघ दिसली. त्या रेघेतून तांबूस गंज पाझरत होता. ट्रॉलीखाली जायचे नाही अशी आम्हा मुलांना सक्त ताकीद होती; रेघ सांगावी तर आत शिरल्याचे कबूल करावे लागणार. मी चेंडू घेऊन बाहेर आलो आणि गप्प राहिलो. ती रेघ कशाची हे मला कळले नव्हते, असे मी स्वतःला पुष्कळदा बजावले आहे. परंतु त्या वेळी मी आठवीत होतो. तडा म्हणजे काय हे न कळण्याचे ते वय नव्हे.

गेल्या श्रावणात काकांनी काठी सोडली. एक पाय किंचित ओढतच, पण ते स्वतःच्या पायांनी शेतापर्यंत जाऊन आले. पुढे नवरात्र आले. खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. नांगर, कुळव, कोयते, विळे धुऊन पुसून मांडतात, ट्रॅक्टरला हार घालतात. पूजा आटोपल्यावर काकांनी ताटात उरलेली झेंडूची एक माळ उचलली, मागच्या अंगणात जाऊन ती ट्रॉलीच्या दांडीला घातली, आणि मला म्हणाले, “बाळा, पान्यांची पेटी आण.”

आमच्या राज्यात शाळांना दसऱ्याची सुट्टी असते, तेव्हा मला सबब सांगायला जागा नव्हती.

तालुक्याच्या गावी पाट्यांचे काम करणारे एक वृद्ध मिस्त्री आहेत. सारा तालुका त्यांना चाचा म्हणतो. ते दुसऱ्या दिवशी आले, ट्रॉलीभोवती एक फेरी मारून त्यांनी चहा मागितला, आणि चहा संपेपर्यंत एक शब्दही बोलले नाहीत. मग म्हणाले, “साटा अच्छा है. नीचे का सब खोलना.” ट्रॉलीचा वरचा सांगाडा धड होता, तिचे दुखणे सगळे खाली होते.

खोलण्याचे काम दोन दिवस चालले. आधी सांगाडा जॅकने उचलून चार कोपऱ्यांना दगडांचे भक्कम टेकू दिले. नुसत्या जॅकच्या भरवशावर चाचा कोणालाही खाली हात घालू देत नसत. स्प्रिंग आसाला आवळून धरणारे यू-बोल्ट गंजून त्यांच्या नटांशी एकजीव झाले होते. त्यांवर रात्रभर रॉकेल ओतून ठेवले. सकाळी चारांपैकी दोन सुटले, दोन छन्नीने तोडावे लागले. पाट्यांची चवड खाली आली तेव्हा चाचांनी तिला आधी शिकंजात आवळले आणि मगच मधला बोल्ट काढला. कारण दाबून बसवलेले पाटे एकाएकी मोकळे झाले तर उसळून तोंडावर येतात. शिकंजा हळूहळू सैल केला, तसे एकेक पान मोकळे झाले. एकूण नऊ पाटे होते. त्यांच्या मधल्या फटींत गंज असा घट्ट बसला होता की ते वेगळे करायला हातोडा लागला.

अशी स्प्रिंग मी आजवर शेकडो वाहनांखाली पाहिली असेन. परंतु ती तशीच का असते हे कधी मनात आले नव्हते. चाचांनी अंगणात काडीने रेघा ओढून ते मला दाखविले. ओझे वरून दाबते तेव्हा पाट्याला वाकविणारा जोर मधोमध सर्वांत अधिक असतो आणि टोकांकडे कमी होत जातो. म्हणून मध्यावर नऊ पाट्यांची जाडी, आणि तेथून दोन्हीकडे एकेक पाटा संपत संपत टोकाशी एकट्या मुख्य पाट्याची. जेथे जितकी ताकद लागते तेथे तितकेच पोलाद! मुख्य पाट्याची टोके वळवून त्यांचे डोळे केलेले असतात. पुढचा डोळा पक्क्या पिनेत अडकतो, मागचा मात्र शॅकल नावाच्या झुलत्या कडीत. कारण ओझ्याने कमान सपाट झाली की ती लांब होते, आणि त्या लांबीला सरकायला जागा हवी. पाटे एकमेकांवर घासतात ते घासणेही फुकट जात नाही. धक्क्याचा जोर त्या घर्षणात विरतो. आमच्या पाट्यांत गंज भरल्यामुळे ते घासेनासे झाले होते. नऊ पानांचा जणू एक ठोकळा झाला होता, आणि ठोकळ्याला लवणे ठाऊक नसते.

तुटलेला मुख्य पाटा हाती आला तेव्हा चाचांनी विचारले की याचे तुटके टोक कोठे आहे. मला वाटले, ते ओढ्यात कोठेतरी पडले असेल. काका काही न बोलता आत गेले. माजघरातल्या फडताळाच्या वरच्या खणातून त्यांनी एक पुरचुंडी आणली. ग्रीस चोपडलेल्या फडक्यात गुंडाळलेला तो डोळ्याचा तुकडा होता. दोन वर्षे त्यांनी तो घरात जपून ठेवला होता, आणि ग्रीसमुळे त्याचे तुटलेले तोंड अगदी कालचे असावे तसे राहिले होते.

चाचांनी ते तोंड पुसून उन्हात धरले. त्याचे दोन भाग स्पष्ट दिसत होते. एका बाजूचा भाग काळपट आणि गुळगुळीत होता; दुसरा भाग खडीसाखरेच्या खड्यासारखा दाणेदार व चमकदार. चाचा म्हणाले की हा चमकदार भाग त्या दिवशी एका झटक्यात तुटला, आणि काळ्या भागावर बोट ठेवून म्हणाले, “ये जखम पुरानी है, बेटा. कितने दिन से खुली थी.” पोलादाला पडलेला तडा प्रत्येक धक्क्यासरशी किंचित पुढे सरकतो, त्यात हवा आणि ओल शिरून तो काळवंडतो, आणि उरलेला भाग ओझे पेलण्यास अपुरा पडला की तो एकदम तुटतो. काळ्या भागाने पाट्याची अर्ध्याहून अधिक रुंदी खाल्ली होती.

माझ्या घशाला कोरड पडली. चाचा हात धुवायला हौदाकडे गेले तेव्हा मी काकांना म्हणालो, “काका, मी ती रेघ पाहिली होती. आठ दिवस आधी.” आणि चेंडूची सारी हकीकत सांगून टाकली. सांगताना मी त्यांच्याकडे न पाहता त्या तुकड्याकडेच पाहत होतो.

काका बराच वेळ तो तुकडा फडक्यात गुंडाळीत राहिले. मग म्हणाले, “मीही पाहिली होती. चार दिवस आधी, ग्रीस देताना. म्हटलं, पाळी आली आहे, एवढी एक खेप जाऊ दे, मग बघू.” क्षणभर थांबून ते पुन्हा म्हणाले, “तुझ्या बाबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ट्रॉली नेली नसती.”

यावर मी काय बोलावे हे मला सुचले नाही आणि आजही सुचत नाही. चाचा परत आले आणि आम्ही पाटे रॉकेलने धुवायला घेतले.

मुख्य पाट्याचे काय करावे यावर घरात एक लहानशी सभा झाली. बाबांचे म्हणणे, तुकडा हाताशी आहे तर वेल्डिंग करून घ्यावे, थोडक्यात भागेल. चाचांनी कानांना हात लावले. स्प्रिंगच्या पोलादाला जी लवचीक ताकद असते ती त्याला योग्य तेवढे तापवून, तेलात विझवून आणि पुन्हा बेताने तापवून दिलेली असते. वेल्डिंगच्या आगीने सांध्याच्या आजूबाजूचे पाणी उतरते. जोड टिकतो, पण त्याच्या शेजारीच पाटा काचेसारखा ठिसूळ होतो. नवा पाटा घ्यायचे ठरले, आणि मापाचा पाटा उदगीरच्या बाजारात मिळाला. तो आणायला आबा हौसेने बरोबर आले. वाटेत राज्याची सीमा आली, तेव्हा नेहमीप्रमाणे त्यांनी सांगितले की १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत उदगीर हा आमच्याच बीदर जिल्ह्यातला तालुका होता. त्या दिवशी जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे मुंबई राज्यात गेले आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हे म्हैसूर राज्यात आले. आबा तेव्हा आठ-नऊ वर्षांचे होते. दुकानाच्या पाट्यांवरची अक्षरे बदलली, एवढेच त्यांना आठवते. बाजाराला मात्र लोक जिकडे जात होते तिकडेच जात राहिले.

बाकीचे आठ पाटे तुटलेले नव्हते, परंतु ओझ्याने त्यांची कमान बसली होती. चाचांनी नव्या पाट्यावरून फरशीवर खडूने कमानीची रेघ आखली आणि प्रत्येक पाटा ऐरणीवर थंडच ठोकून त्या रेघेबरहुकूम आणला. घाव मोठा नाही, पण शेकडो घाव. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंगुळ-अंगुळ सरकत. उजव्या बाजूची स्प्रिंग धड होती, तरी तीही खोलून याच रेघेवर आणली. एक खांदा वर आणि एक खाली असलेली गाडी ओढ्यात कलणारच. पानांच्या मध्ये काळे ग्रीस चोपडले, डोळ्यांत नवे पितळी बुश बसविले आणि नव्या यू-बोल्टांनी स्प्रिंगा आसाला आवळल्या.

या साऱ्या खटाटोपाकडे आबा पायरीवर बसून पाहत असत. त्यांच्या लहानपणच्या गाडीला पाटे नव्हते. लाकडी आस, बाभळीचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर पुठ्ठे आणि पुठ्ठ्यांवर लोखंडी धाव. खड्ड्यातला प्रत्येक हिसका गाडीतल्या माणसाच्या कण्याला आणि जुवाखालच्या बैलांच्या मानेला थेट बसे. बैलांच्या मानेवरचा हा भार हलका व्हावा म्हणून बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. आबांना हे मी सांगितले तेव्हा ते म्हणाले, “एवढा मोठा माणूस, आणि बैलाचा विचार केला!” आणि लगेच धाव कशी बसवीत ते सांगू लागले. धावेचे कडे चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करतात. गोवऱ्यांच्या वर्तुळाकार जाळात ते लालबुंद झाले की पसरते. तसे ते चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायचे आणि तत्क्षणी घागरींनी पाणी ओतायचे. कडे आकसते आणि आरे, पुठ्ठे, तुंबा सगळ्यांना एकमेकांत असे दाबून बसविते की चाक कुरकुरते. धूर, वाफ आणि ती कुरकुर. आबा हातांनी सगळे करून दाखवीत होते.

चाकांची पाळी आली ती दसऱ्याची सुट्टी संपल्यावर, रविवारी रविवारी. टोपण काढून पाहिले तर डाव्या हबमधले ग्रीस ताकासारखे पांढरे झाले होते; ओढ्याचे पाणी आत शिरल्याची ती खूण. प्रत्येक चाकात निमुळत्या रुळांची दोन बेअरिंगे असतात, आतले मोठे आणि बाहेरचे लहान. डाव्या चाकातली दोन्ही गेली होती. ज्या वाटीत रूळ फिरतात तिच्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते. रिमची भोके नट सैल राहिल्यामुळे झिजून लांबट झाली होती, म्हणून तो रिमही बदलावा लागला. टायरांपैकी एकाच्या बगलेला भेगा होत्या, तो टाकून दिला. दुसऱ्याचा सांगाडा शाबूत होता, त्यावर नवे रबर चढवून घेतले.

येथे एक गंमत सांगावीशी वाटते. कन्नडमध्ये चाकाला ‘गाली’ म्हणतात आणि वाऱ्याला ‘गाळी’. आम्ही मराठी मुले शाळेत कन्नड शिकतो, पण हा ल आणि ळ आमचा हमखास घोटाळा करतो. पंक्चरच्या दुकानात मी ‘गाळी’त ‘गाली’ भरा असे काहीतरी बोलून बसलो, आणि चाचांना हसू आवरेना, कारण त्यांच्या भाषेत गालीचा अर्थ तिसराच! तरी माझी चूक अगदीच वाया जाणारी नव्हती. रबराची नळी वाऱ्याने भरून तिचे चाक करण्याची कल्पना रॉबर्ट टॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ सालीच नोंदविली होती. ती विसरली गेली आणि १८८८ साली बेलफास्ट येथे डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी ती पुन्हा शोधून काढली. हा डनलॉप पेशाने गुरांचा डॉक्टर होता. हे ऐकून आबांचे टायरांविषयीचे मत एकदम सुधारले.

आता माझ्या पराक्रमाविषयी. नवी बेअरिंगे बसविताना चाचांनी उजवे चाक स्वतः केले आणि डावे मला करू दिले. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंग त्यात दाबत जायचे, म्हणजे रुळांच्या फटींतून ग्रीस दुसऱ्या बाजूने वर येते. तसे ते येईतो दाबायचे. हे मी चांगले केले. मग हब आसावर चढवून मोठा नट आवळायचा. चाक फिरवीत फिरवीत नट घट्ट करायचा, म्हणजे रूळ वाटीत नीट बसतात; आणि मग तो थोडा मागे सोडायचा, इतकाच की चाक हलकेच फिरावे पण हातांनी हिसडले तर डुगडुगू नये. शेवटी नटाच्या खाचेतून आडवी पिन घालून ती दुमडायची. मी नट घट्ट केला. परंतु मागे सोडताना माझा हात धजेना. सैल ठेवलेल्या, दुर्लक्षिलेल्या वस्तूने काय केले ते मी पाहिले होते. हे चाक माझ्या हातचे, ते सुटता कामा नये. मी नट सोडण्याऐवजी आणखी एक खाच आवळला आणि पिन घातली. चाचा तेव्हा पैशांचा हिशेब करीत होते.

डिसेंबरात येळवस आली. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला बीदर, कलबुर्गी आणि पलीकडे लातूरकडचे सगळे गाव शेतात लोटते. शेतात कडब्याची खोप घालून तिच्यात चुन्याने रंगविलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, त्यांची पूजा करतात, आणि मग भज्जी, उंडे, आंबील यांवर सारे तुटून पडतात. त्या दिवशी घरात मनुष्य शोधून सापडत नाही. ट्रॉली येळवशीला शेतात न्यायची हा काकांचा बेत होता. त्याच्या आदल्या दिवशी परीक्षा म्हणून बाबा तिच्यातून सोयाबीनची पोती तालुक्याला घालून आले. पोती कठड्याच्या बरीच खाली होती.

संध्याकाळी ट्रॉली अंगणात उभी राहिली. आबा उठले, आणि जुन्या गाडीच्या तुंब्याला लावीत असत तसा त्यांनी उजव्या हबला तळहात लावला, मग डाव्या. डाव्याला लावलेला हात त्यांनी झटकन मागे घेतला. “हे चाक कोणी बसवलं?”

मी सांगितले. या वेळी मला वेळ लागला नाही.

दिव्याच्या उजेडात पुन्हा जॅक, पुन्हा पाना. ग्रीस वितळून तेलासारखे झाले होते आणि रिमवर ओघळले होते. सुदैवाने रूळ निळे पडले नव्हते. आणखी दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालली असती तर पडले असते, असे चाचा फोनवर म्हणाले आणि वर चार शब्द सुनावले. बेअरिंग धुऊन, पुन्हा ग्रीस भरून चाक चढविले. नट आवळला. “आता सोड,” काका म्हणाले. मी थोडा सोडला. “अजून.” मी पुन्हा सोडला. आबांनी बोटाने चाकाला ढकलले. ते आवाज न करता कितीतरी वेळ फिरत राहिले. “धाव घट्ट पाहिजे,” आबा म्हणाले, “आस नाही.”

येळवशीच्या सकाळी ट्रॉलीत आंबिलीच्या घागरी, भज्जीचे पातेले, पूजेचे साहित्य आणि कडबा एवढेच ठेवले. ट्रॉलीत माणसे बसविणे कायद्याला मान्य नाही, आणि आमच्या घरात त्या माघापासून काकूंचा कायदा सरकारी कायद्याहून कडक आहे. आम्ही सारे मागून चालत निघालो. पांदणीत एकेक चाक खड्ड्यात उतरे आणि वर येई. पाटे लवत आणि पुन्हा उभे राहत. घागरींतून एक थेंब सांडला नाही.

ओढा आला. बाबांनी ट्रॅक्टर थांबवून मागे पाहिले. काका एक पाय ओढीत काठावर गेले, दोन-तीन दगड उलथून त्यांतला एक निवडून त्यांनी उचलला आणि डाव्या चाकाच्या मागे, पण या वेळी बाजूला चार हात सोडून उभे राहिले. मीही एक दगड घेऊन उजव्या चाकामागे तसाच उभा राहिलो. त्यांनी बाबांना हात केला. ट्रॅक्टर गुरगुरला. डावे चाक चढावर आले, कमान दबून सपाट झाली, शॅकल मागे झुलली, आणि ट्रॉली वर निघून गेली.

काकूंनी हाक मारली तरी काका तेथेच होते. मग ते हातातला दगड घेऊनच चढ चढून आले आणि तो त्यांनी ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यात, कडब्याशेजारी ठेवला. अजून तो तेथेच आहे. कोंबड्यांनी आता गोठ्यात अंडी घालायला सुरुवात केली आहे.